७५ सेंटचा हिशोब जुळला नाही आणि हेर सापडला : सामायिक कम्प्युटरवरचा वापर मोजतात कसा?

ऑगस्ट १९८६. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरी ही मोठी संशोधन संस्था आहे. क्लिफर्ड स्टोल हा खगोलशास्त्रज्ञ तिथं दुर्बिणीच्या कामावर होता. त्या कामाचे पैसे संपले, तेव्हा त्याला घरी बसवण्याऐवजी संस्थेच्या कम्प्युटर विभागात पाठवण्यात आलं.

नव्या जागेवर त्याला सुरुवातीलाच एक किरकोळ काम मिळालं. संस्थेचे कम्प्युटर शेकडो शास्त्रज्ञ मिळून वापरायचे आणि कुणी किती वापरला, त्याप्रमाणे बिल निघायचं. हिशोब ठेवणारे प्रोग्राम दोन होते. दोघांच्या आकड्यांत ७५ सेंटचा फरक येत होता. तो का येतो, एवढंच शोधायचं होतं.

रक्कम इतकी लहान की कुणीही 'सोडून द्या' म्हणालं असतं. स्टोलनं सोडलं नाही. त्या ७५ सेंटमागे काय निघालं, ते शेवटी येईलच. पण त्याआधी मूळ प्रश्न : एकच कम्प्युटर अनेक जण वापरत असतील, तर कुणी किती वापरला हे कळतं कसं? आणि ते मोजायची गरज का पडते?

एक मशीन, अनेक माणसं

आज प्रत्येकाच्या खिशात कम्प्युटर आहे. १९५०-६० च्या दशकात एका विद्यापीठाला एक कम्प्युटर मिळाला तरी मोठी गोष्ट होती. पंचकार्डांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि आपला नंबर यायची वाट बघायची. प्रोग्राममध्ये एक चूक निघाली की पुन्हा रांगेत.

यावर उपाय निघाला तो टाइम-शेअरिंगचा. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस नावाची यंत्रणा चालवून दाखवली. कल्पना सोपी होती. माणूस टाइप करतो, विचार करतो, थांबतो. तेवढ्या वेळात कम्प्युटरला हजारो कामं करता येतात. मग तो थोडा थोडा वेळ प्रत्येकाला द्यायचा. बदल इतका भरभर होतो की प्रत्येकाला वाटतं, मशीन आपल्या एकट्याचंच आहे.

पण वाटणी आली की भांडण आलंच. एकानं दिवसभर मशीन अडवून धरलं तर बाकीच्यांनी काय करायचं? म्हणून सीटीएसएसमध्ये प्रत्येकाला स्वतःचं खातं, पासवर्ड आणि वेळेचा कोटा देण्यात आला.

कोटा आला तशी पळवाटही आली. अ‍ॅलन शेर हा तिथं पीएचडी करत होता. त्याला आठवड्याला चार तास मिळायचे आणि ते पुरत नव्हते. १९६२ मध्ये त्यानं एक युक्ती केली. सगळ्यांचे पासवर्ड ज्या फाइलमध्ये होते, ती फाइल छापायची विनंती पंचकार्डावरून मशीनकडे टाकली आणि छापील यादी जाऊन उचलून आणली. मग दुसऱ्यांच्या नावावर त्याचं काम सुरू झालं. अनेक वर्षांनी त्यानं स्वतःच हे कबूल केलं. पासवर्डचोरीच्या अगदी सुरुवातीच्या घटनांमध्ये ही गोष्ट धरली जाते.

इथं लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की शेरला कुणाची गुपितं नको होती. त्याला कम्प्युटरचा वेळ हवा होता. जी वस्तू मोजून मिळते, तिची चोरीही होते.

मोजायचं काय?

'कम्प्युटर किती वापरला' याचं एकच उत्तर नसतं. मोजायच्या गोष्टी निरनिराळ्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे घड्याळाचा वेळ. काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत किती मिनिटं गेली? समजायला हे सगळ्यात सोपं, पण फसवंही. प्रोग्राम तासभर चालू असेल आणि त्यातली ५५ मिनिटं तुमच्या एन्टर दाबण्याची वाट बघत असेल, तर त्यानं मशीनला फारसा त्रास दिलेला नसतो.

म्हणून दुसरी गोष्ट मोजतात ती सीपीयूचा वेळ, म्हणजे प्रोसेसरनं प्रत्यक्ष त्या कामासाठी खर्च केलेला वेळ. त्याचेही दोन भाग पडतात. प्रोग्रामच्या स्वतःच्या आकडेमोडीत गेलेला वेळ एक. फाइल उघडणं, नेटवर्कवर माहिती पाठवणं अशी कामं ऑपरेटिंग सिस्टिमनं त्या प्रोग्रामसाठी केली, त्यात गेलेला वेळ दुसरा. दोन्ही त्याच्याच खात्यावर पडतात.

यात एक गंमत आहे. आजच्या प्रोसेसरला अनेक कोर असतात. आठ कोर एकदम वापरणारा प्रोग्राम घड्याळाच्या एका तासात सीपीयूचे आठ तास खर्च करू शकतो. त्यामुळे सीपीयूचा वेळ घड्याळाच्या वेळेपेक्षा जास्त दिसला, तर ती चूक नसते.

याशिवाय मेमरी किती अडवली, डिस्कवर किती जागा घेतली, किती माहिती वाचली-लिहिली, नेटवर्कवरून किती पाठवली, किती पानं छापली, किती वेळ लॉगिन होता, हे सगळं मोजता येतं.

नोंद होते कशी?

युनिक्स आणि पुढे लिनक्समध्ये यासाठी 'प्रोसेस अकाउंटिंग' नावाची सोय आहे. ती सुरू केली की एखादा प्रोग्राम संपताक्षणी ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, एका फाइलमध्ये छोटीशी नोंद लिहितो. त्यात प्रोग्रामचं नाव, चालवणाऱ्या खात्याचा क्रमांक, सुरू झाल्याची वेळ, लागलेला एकूण वेळ, सीपीयूचा वेळ, मेमरी आणि काम नीट संपलं की मध्येच बंद पडलं, एवढं असतं.

हॉटेलातल्या गल्ल्यावरची वही असावी तसा हा प्रकार. गिऱ्हाईक उठलं की नोंद. महिनाअखेरीस प्रत्येक खात्यापुढच्या नोंदींची बेरीज केली की बिल तयार.

पण या वहीला मर्यादा आहेत. नोंद होते ती प्रोग्राम संपल्यावरच. महिनोन् महिने न थांबता चालणारा प्रोग्राम वहीत दिसतच नाही. मशीन अचानक बंद पडलं, तर तेव्हा चालू असलेल्या कामांची नोंद राहून जाते.

दुसरी अडचण जागेची. गजबजलेल्या मशीनवर अशा नोंदी भराभर साठत जातात. डिस्क भरून मशीनच ठप्प होऊ नये, म्हणून लिनक्समध्ये एरवीच्या सेटिंगप्रमाणे मोकळी जागा २ टक्क्यांवर आली की नोंदी थांबतात आणि ४ टक्क्यांवर गेली की पुन्हा सुरू होतात. म्हणजे मुद्दाम डिस्क भरून ठेवणारा माणूस वहीच बंद पाडू शकतो. जाणकार अ‍ॅडमिन म्हणूनच या फाइलसाठी वेगळी जागा राखून ठेवतात.

तिसरी अडचण मोजण्याच्या पद्धतीतच आहे. अनेक सिस्टिममध्ये सेकंदाला शंभरेक वेळा एक ठोका पडायचा. ठोका पडताना जो प्रोग्राम चालू असेल, त्याच्या नावावर तेवढा वेळ टाकला जायचा. आता एखाद्या लबाड प्रोग्रामनं ठोका पडायच्या नेमकं आधी झोपायचं आणि पडून गेला की लगेच उठायचं ठरवलं तर? तो जवळजवळ सगळा प्रोसेसर खातो आणि त्याच्या खात्यावर शून्य दिसतं. बिल पडतं भलत्याच्याच नावावर. हे खरोखर करता येतं, हे संशोधकांनी २००७ मध्ये प्रयोग करून दाखवलं. त्यामुळे ठोके मोजण्यापेक्षा प्रत्यक्ष वेळ बारकाईनं मोजणं जास्त भरवशाचं.

नुसतं मोजून भागत नाही

महिनाअखेरीला बिल आलं म्हणून भरलेली डिस्क रिकामी होत नाही. त्यासाठी आधीच मर्यादा घालावी लागते.

१९८३ मध्ये आलेल्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत डिस्क कोट्याची सोय होती. आजच्या अशा कोट्यात दोन रेषा असतात. पहिली ओलांडली की सूचना येते, आणि ठरावीक दिवसांत, बहुतेक ठिकाणी आठवड्याभरात, जागा मोकळी करावी लागते. दुसरी रेषा ओलांडताच येत नाही. तिथं पोचलं की फाइल सेव्ह होणंच बंद.

दोन रेषा कशासाठी? कारण एखाद्या दिवशी खरोखरच जास्त जागा लागते. प्रबंधाची शेवटची रात्र असते, मोठी फाइल तात्पुरती ठेवायची असते. अशा वेळी सवलत हवी. पण सवलत म्हणजे हक्क नव्हे, हे दुसरी रेषा सांगते.

प्रोसेसरच्या वेळेचा प्रश्न याहून अवघड आहे. डिस्कवरची फाइल पुसली की जागा परत मिळते. वापरला न गेलेला सीपीयूचा तास मात्र वाया जातो, तो उद्यासाठी साठवता येत नाही. त्यामुळे कोटा फार कडक ठेवला तर मशीन रिकामं आणि माणसं ताटकळत, अशी अवस्था येते.

ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या गर्दीमुळे हा प्रश्न उभा राहिला होता. तिथल्या ज्युडी के आणि पिअर्स लॉडर यांनी १९८८ मध्ये 'फेअर शेअर' पद्धतीवर लेख प्रसिद्ध केला. त्यातला विचार असा : प्रत्येकाचा हिस्सा ठरवून द्या. ज्यानं अलीकडे हिश्श्यापेक्षा जास्त वापरलं, त्याचा नंबर मागं. ज्यानं कमी वापरलं, त्याचा नंबर पुढं. पण कुणाला हाकलू नका. मशीन मोकळं असेल तर कुणीही वापरावं.

आणि जुना वापर हळूहळू विसरा. गेल्या सेमिस्टरला कुणी भरपूर वापर केला, म्हणून त्याला आयुष्यभर शिक्षा नको.

सुपरकम्प्युटरचा हिशोब

आज हाच विचार जगभरातल्या सुपरकम्प्युटरवर चालतो. तिथं एकक असतं कोर-तास. ४८ कोर १० तास वापरले, तर ४८० कोर-तास. एखाद्या संशोधकाला प्रकल्पासाठी ठरावीक कोर-तास मंजूर होतात आणि प्रत्येक कामागणिक त्यातले वजा होत जातात. आजकाल जीपीयूचे तासही असेच मोजतात.

कुणाचं काम कधी चालवायचं, हे ठरवणारा स्लर्म नावाचा प्रोग्राम अनेक ठिकाणी वापरतात. जुना वापर विसरायचा वेग त्यात ठरवून देता येतो. मूळ सेटिंग सात दिवसांचं आहे. आज १,००० कोर-तास वापरले, तर आठवड्यानं ते ५०० धरले जातात, दोन आठवड्यांनी २५०.

नवख्या संशोधकांना धक्का बसतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. बहुतेक ठिकाणी मोजलं जातं ते तुम्ही किती कोर अडवले आणि किती वेळ. त्यावर प्रत्यक्ष काम किती झालं, हे बघितलं जात नाही. ४८ कोर मागितले आणि प्रोग्राम एकाच कोरवर चालणारा निघाला, तरी वजावट ४८ कोरची. लग्नाचा हॉल बुक केला आणि पाहुणे कमी आले, तरी भाडं पूर्णच द्यावं लागतं, तसंच हे. कारण तेवढा वेळ तो हॉल दुसऱ्या कुणाला मिळालेला नसतो.

महाराष्ट्राचा या क्षेत्राशी जुना संबंध आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा मोठा कम्प्युटर आला आणि देशभरातल्या संस्था त्यावर काम करू लागल्या. पुण्याच्या सी-डॅकनं १९९१ मध्ये परम ८००० बनवला. पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये देशात परम रुद्र मालिकेतले तीन सुपरकम्प्युटर सुरू झाले, त्यातला एक पुण्यातल्या जीएमआरटी दुर्बिणीच्या संशोधनासाठी आहे. अशा प्रत्येक मशीनपुढे रांग असते. आणि रांग असली की वही लागते.

क्लाउडमध्ये मीटर फिरतो

अ‍ॅमेझॉननं २००६ मध्ये ईसी२ ही सेवा आणली. दूरच्या डेटा सेंटरमधला कम्प्युटर तासाला दहा सेंट भाड्यानं मिळू लागला. एक तास दहा मिनिटं वापरला, तर दोन तासांचं बिल यायचं. २०१७ पासून लिनक्सच्या मशीनवर सेकंदाप्रमाणे आकारणी सुरू झाली, फक्त पहिलं एक मिनिट किमान धरलं जातं.

इतक्या बारीक हिशोबासाठी वापराचे गटही नेमके पाडावे लागतात. गूगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये सुरू केलेलं 'सीग्रुप्स' हे काम जानेवारी २००८ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं. त्यामुळे अनेक प्रोग्रामांचा एक गट करून त्या गटाला मिळून किती सीपीयू आणि किती मेमरी द्यायची, आणि त्यानं किती वापरली, हे एकाच जागी ठरवता आणि मोजता येऊ लागलं. आज बहुतेक वेबसाइट आणि अ‍ॅप ज्या कंटेनरमध्ये चालतात, त्यांचा पाया हाच आहे.

ग्राहकाच्या बाजूनंही एक आकडा बघण्यासारखा असतो. भाड्याच्या लिनक्स मशीनमध्ये 'स्टील टाइम' नावाची नोंद दिसते. तुमच्या मशीनला काम करायचं होतं, पण खरा प्रोसेसर तेव्हा शेजाऱ्यांच्या कामात गुंतला होता, असा तो वेळ. हा आकडा सतत जास्त दिसत असेल, तर एकाच प्रोसेसरवर गर्दी जास्त झाली असण्याची शक्यता असते.

इथंही चोरी आहेच. कुणाचे तरी क्लाउडचे पासवर्ड पळवायचे आणि त्याच्या पैशांवर क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग करायचं, हा आजचा सर्रास प्रकार. अ‍ॅलन शेरला हवं होतं तेच या चोरांनाही हवं असतं : दुसऱ्याच्या नावावरचा कम्प्युटरचा वेळ. आणि अनेकदा चोरी लक्षात येते ती बिल किंवा वापराचा आलेख बघूनच.

तुमच्या फोनमध्येही हेच

फोन तर एकट्याचा असतो, मग तिथं कसली वाटणी? अँड्रॉइड फोनमध्ये आत लिनक्सच असतं. इथं वेगळी 'माणसं' म्हणजे अ‍ॅप. प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचा वेगळा यूजर क्रमांक दिला जातो. एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या फाइलमध्ये डोकावता येऊ नये, हे त्यामागचं मुख्य कारण. पण त्याच क्रमांकामुळे कुठल्या अ‍ॅपनं किती डेटा खाल्ला आणि किती बॅटरी संपवली, हेही मोजता येतं. सेटिंगमध्ये दिसणारी ती यादी म्हणजे जुन्या मेनफ्रेमच्या बिलाचीच नवी आवृत्ती.

नोंद कितपत सांगते?

जुन्या पद्धतीच्या प्रोसेस अकाउंटिंगमध्ये प्रोग्रामचं नाव असतं, पण त्यात काय लिहिलं, कुठली फाइल उघडली, हे नसतं. टेलिफोनच्या बिलासारखं. कुणाला फोन केला ते कळतं, काय बोललात ते कळत नाही.

तरीही एवढ्यावरून बरंच काही दिसतं. कोण रात्री दोनला काम करतं, कोण आठवडाभर आलंच नाही, कोण दिवसभर गेम खेळतं. म्हणून ही वही कोण बघणार आणि किती दिवस ठेवणार, हे वापरणाऱ्यांना आधी सांगितलेलं असावं. वाटणीसाठी ठेवलेली वही पाळत ठेवायला वापरली, तर लोक तिच्यापासून लपायला लागतात.

आणि एक गोष्ट कायम लक्षात ठेवायची. वहीत खात्याचं नाव असतं, माणसाचं नसतं. पासवर्ड दुसऱ्याला दिला, तर त्याचे उद्योग तुमच्या नावावर.

त्या ७५ सेंटचं काय झालं?

स्टोलनं दोन्ही हिशोब ताडून पाहिले. बेरजेत चूक नव्हती. एका खात्यावर काही सेकंदांचा वापर झाला होता, पण त्या खात्याचं बिल कुणाला पाठवायचं, याची नोंदच नव्हती. असं खातं रीतसर उघडलेलं असूच शकत नाही. त्यानं ते काढून टाकलं.

थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका ठिकाणाहून तक्रार आली, की बर्कलीतून कुणीतरी आमच्या मशीनमध्ये घुसायचा प्रयत्न करतंय. आणि परदेशात गेलेल्या एका माणसाचं खातं अचानक वापरात असल्याचं दिसलं. कुणीतरी सॉफ्टवेअरमधल्या एका त्रुटीचा फायदा घेऊन मशीनचे सगळे अधिकार मिळवले होते.

दार लगेच बंद करण्याऐवजी संस्थेनं त्याच्यावर लक्ष ठेवायचं ठरवलं. स्टोलनं बाहेरून येणाऱ्या लाइनींना प्रिंटर जोडले. तो माणूस जे जे टाइप करी, ते कागदावर उमटत होतं. त्याच्या नकळत. जवळजवळ दहा महिने हे चाललं. तेवढ्या काळात त्यानं सुमारे ४५० कम्प्युटरवर प्रयत्न केला आणि तीसहून जास्त ठिकाणी त्याला शिरकाव मिळाला. त्यात अमेरिकी लष्कराशी संबंधित मशीनही होती. तो जास्त वेळ लाइनवर राहावा आणि फोनचा माग काढता यावा, म्हणून स्टोलनं मोठमोठ्या खोट्या फाइल तयार करून ठेवल्या.

माग निघाला तो पश्चिम जर्मनीतल्या हानोफर शहरापर्यंत. मार्कुस हेस आणि त्याचे साथीदार चोरलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीला विकत होते. १९९० मध्ये जर्मन न्यायालयानं त्यांना हेरगिरीबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा झाली, पण ती स्थगित ठेवण्यात आली. स्टोलनं त्याआधीच, १९८९ मध्ये, या सगळ्यावर 'द ककूज एग' हे पुस्तक लिहिलं.

त्या मशीनवर पासवर्ड होते आणि परवानग्याही होत्या. घुसखोरानं त्या सगळ्यांना चकवलं. तो अडकला तो हिशोबाच्या वहीत. ही वही ठेवली होती शास्त्रज्ञांमध्ये खर्च नीट वाटला जावा म्हणून, चोर पकडण्यासाठी नव्हे. पण प्रत्येक सेकंदाला एक मालक असला पाहिजे, असा नियम एकदा केला, की ज्या सेकंदाला मालक नाही तो आपोआप उठून दिसतो. फक्त ७५ सेंटचा फरक दिसल्यावर तो सोडून न देणारा कुणीतरी लागतो.